जंगम जनुके, माकडहाड आणि न थांबणारे गैरसमज

माणसाच्या आणि माकडांच्या जनुकसंचात असे असंख्य डीएनएचे तुकडे आहेत, जे स्वतःची प्रत काढून दुसऱ्या जागी जाऊन बसतात किंवा पूर्वी कधीतरी तसे बसलेले आहेत. त्यांना जंगम जनुकीय घटक म्हणतात. त्यांच्याविषयी येणाऱ्या पत्रांत तेच तेच गैरसमज वारंवार आढळतात, म्हणून काही पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : ही ‘उड्या मारणारी जनुके’ रक्त दिल्या-घेतल्याने एका माणसातून दुसऱ्यात जातात का?

उत्तर : नाही. त्यांची हालचाल त्याच पेशीच्या जनुकसंचात होते.

प्रश्न : आपला निम्मा जनुकसंच कचरा आहे, असे मी वाचले होते. मुलीच्या शिक्षकांनी मात्र तोच उत्क्रांतीचा चालक असल्याचे सांगितले. खरे काय?

उत्तर : दोन्ही विधाने अतिरेकी आहेत. माणसाच्या जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग जंगम घटकांपासून बनलेला आहे, हे खरे. त्यांपैकी डीएनएच्या सुमारे 300 अक्षरांच्या ‘अ‍ॅलू’ या घटकाच्याच दहा लाखांहून अधिक प्रती आपल्यात आहेत आणि हा घटक फक्त प्राइमेट गणातच (माकडे, कपी, माणूस यांच्या गटातच) आढळतो. यांतील बहुतेक प्रती मोडक्या आणि निष्क्रिय आहेत. परंतु काही प्रती अशा जागी बसल्या की त्यांना पुढे काम मिळाले. गर्भाला पोसणारी वार तयार होताना तिच्या बाहेरच्या पेशी एकमेकींत मिसळून एक सलग थर बनतो. त्यासाठी लागणारे सिन्सिटिन हे प्रथिन एका प्राचीन विषाणूच्या जनुकापासून आले आहे, आणि तो विषाणू आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात कायमचा राहून गेला होता. बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील ठिपक्यांवरून 1940 च्या दशकात असे घटक ओळखले, आणि त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक 1983 साली मिळाले. ज्या गोष्टीचे महत्त्व पटायला इतका काळ लागला, तिला एका शब्दात कचरा ठरवू नये.

प्रश्न : माझ्या नवजात नातवाच्या कमरेखाली मधोमध शेपटीसारखा मऊ कोंब आहे. नातेवाईक म्हणतात की हा शुभसंकेत आहे. शेजारचे एक गृहस्थ म्हणतात की पूर्वजांचे जनुक जागे झाले आहे. वर्षभर वाट पाहावी का?

उत्तर : वाट पाहू नका. याच आठवड्यात बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आधी शेजाऱ्यांच्या विधानाविषयी. आपल्याकडच्या वानराला आणि लाल तोंडाच्या माकडाला शेपूट आहे. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि माणूस या कपींना ती नाही. न्यूयॉर्कमध्ये संशोधन करणाऱ्या बो शिया यांच्या माकडहाडाला दुखापत झाली आणि कपींची शेपूट का गेली, या प्रश्नाकडे ते वळले. त्यांच्या गटाचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. शेपटीच्या वाढीशी संबंधित टीबीएक्सटी नावाच्या जनुकात सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी एक अ‍ॅलू येऊन बसला. जवळच एक जुना अ‍ॅलू उलट्या दिशेने होता. जनुकाची आरएनए-प्रत निघते तेव्हा हे दोन्ही एकमेकांना चिकटतात, मधला भाग फासासारखा बाहेर राहतो आणि काही प्रतींतून प्रथिनाचा तो तुकडा गळतो. उंदरांत तसा बदल घडवल्यावर त्यांची शेपूट आखूड झाली किंवा आलीच नाही. मात्र त्यांतील काही उंदरांत मज्जारज्जूची नळी नीट मिटली नाही.

हा अ‍ॅलू सर्व कपींमध्ये त्याच जागी आहे आणि तुमच्या नातवातही तो आहेच. बाळाच्या कमरेवरील कोंब म्हणजे अडीच कोटी वर्षांपूर्वीची शेपूट परत येणे नव्हे. अशा कोंबात सहसा मणके नसतात. त्वचा, चरबी, थोडे स्नायू एवढेच असते. काळजीची गोष्ट त्याच्या खाली असू शकते. कमरेच्या मध्यरेषेवरील कोंब, केसांचा झुबका, चरबीची गाठ किंवा खोल खळगा यांच्याखाली कधीकधी मज्जारज्जू खाली चिकटून राहिलेला असतो. मूल वाढते तसा तो ताणला जातो. मग पाय अशक्त होतात, लघवीवरचा ताबा जातो, आणि गेलेली शक्ती शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण परत येईलच असे नाही. माझ्यासमोर एका आईने बाळाला पालथे केले तेव्हा कोंबाच्या मुळाशी काळा दोरा करकचून बांधलेला होता आणि टोक निळे पडले होते. तो ‘आपोआप गळून पडेल’ असे तिला सांगण्यात आले होते. कृपा करून असे करू नका. दोरा बांधू नका, कापू नका, लेप लावू नका. पहिल्या काही महिन्यांत मणक्यांची हाडे पुरती घट्ट झालेली नसल्याने सोनोग्राफीतही बरेच दिसते. एमआरआय लागेल का आणि शस्त्रक्रिया हवी का, हे बालरोगतज्ज्ञ आणि मज्जासंस्थेचे शल्यचिकित्सक ठरवतील.

प्रश्न : माझ्या भाच्याला तीव्र हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आहे. घराण्यात दुसऱ्या कोणालाही नाही. बहिणीच्या जनुकीय तपासणीत ‘दोष आढळला नाही’ असे आले. दुसऱ्या मुलाचा विचार करायला हरकत नाही ना?

उत्तर : एवढ्या एका कागदावर निर्णय घेऊ नका. 1988 साली हेग कझाझियन यांच्या गटाने हिमोफिलियाच्या 240 रुग्णांपैकी दोघांत रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाच्या जनुकात ‘एल-1’ हा जंगम घटक शिरल्याचे दाखवले, आणि त्यांच्या आईवडिलांत तो नव्हता. म्हणजे दोष घराण्यात नसतानाही नव्याने उद्भवू शकतो. दुसरे असे की, नेहमीच्या तपासणीत डीएनए छोट्या तुकड्यांत वाचला जातो आणि त्यात शिरलेला मोठा घटक किंवा जनुकाचा उलटलेला भाग निसटू शकतो. आधी भाच्यात नेमका कोणता बदल आहे ते शोधावे लागते, मग तोच बदल आईत तपासावा लागतो. आईच्या रक्तात तो न आढळला, तरी काही बीजांडांत असू शकतो. गर्भ राहण्यापूर्वीच दोन्ही अहवाल घेऊन जनुकीय समुपदेशकांना भेटा.

प्रश्न : चिंपांझीत आणि आपल्यात एकाच जागी तोच अ‍ॅलू असणे योगायोग नसेल का?

उत्तर : एखाद्या जागी क्वचित असू शकेल, पण हजारो जागी नाही.

प्रश्न : एका जाहिरातीतील चूर्ण ‘जंगम जनुके शांत करून वार्धक्य थांबवते’. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून ते घ्यावे का?

उत्तर : नाही. आपली पेशी डीएनएवर रासायनिक खुणा चिकटवून हे घटक स्वतःच दाबून ठेवते, आणि कोणतेही चूर्ण माणसात ते काम करून वार्धक्य थांबवते हे सिद्ध झालेले नाही. जाहिरातदाराने शास्त्रातला एक खरा शब्द उचलून पाकिटावर छापला आहे. गोळ्या बंद केल्या असतील तर आजच आपल्या डॉक्टरांना सांगा आणि साखर तपासून घ्या.