‘पाडव्याचा बॅकअप’ म्हणजे कोणत्या पाडव्याचा?

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात आमची अडत आहे, दुसरं दुकान धाराशिवला. हिशेब सगळा कॉम्प्युटरवर. बॅकअप कधी मुनीमजी काढतात, कधी मुलगा. बाहेरच्या डिस्कवर ‘बॅकअप नवीन’, ‘नवीन 2’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’, ‘12-4’, ‘पाडव्याचा’, ‘उस्मानाबाद मार्च’ अशा फायली साचल्यात. सीएंनी वर्षअखेरचा डेटा मागितला, तर कोणती उघडावी तेच कळेना. नावं कशी ठेवावीत? (एक अडते, लातूर)

उत्तर : मालक, तुमची यादी वाचताना मी अडकलो तो पाडव्यापाशी. वहीपूजन दिवाळीच्या पाडव्याला, मराठी वर्ष गुढीपाडव्याला आणि सीएंचं वर्ष 1 एप्रिलला! ‘12-4’चंही तेच. मुलानं लिहिलं असेल तर 12 एप्रिल. अमेरिकी सेटिंगच्या कॉम्प्युटरनं आपोआप नाव दिलं असेल तर 4 डिसेंबर.

तारीख उलटी लिहा : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 2024-04-12. आयएसओ 8601 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक 1988 पासून हेच सांगतं. फायदा असा, की नावानं क्रम लावला की तारखांचा क्रम आपोआप लागतो. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकाखाली एक येऊन बसतात. महिन्याचं नाव लिहिलंत तर आणखी मजा : एप्रिलनंतर ऑक्टोबर, मग ऑगस्ट, मग जानेवारी. एप्रिलसाठी 4 नको, 04 लिहा.

तारखेआधी दुकान. पण गावाचं नाव टाकू नका. 2023 साली उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि तुमच्या एकाच दुकानाच्या फायली ‘उ’ आणि ‘ध’ अशा दोन टोकांना गेल्या असतील. दुकानाला कायमचा क्रमांक द्या : अ1 लातूर, अ2 दुसरं.

तारखेनंतर वेळ, चोवीस तासांच्या घड्याळाची. काढणारे दोघं आहेत, तेव्हा एका दिवसात दोन बॅकअप होणारच. मात्र 21:30 असं लिहायला गेलात तर विंडोज नाव घेणारच नाही, कारण विसर्गासारखं ते चिन्ह आणि तिरकी रेघ दोन्ही तिथं चालत नाहीत. म्हणून 2130. शेवटी प्रकार : पूर्ण की फक्त बदल. नुसत्या बदलांचा बॅकअप त्याच्या आधीच्या पूर्ण बॅकअपशिवाय उघडून उपयोग नसतो. अडतीचा डेटा फार मोठा नसतो, दर वेळी पूर्णच काढा असं माझं मत.

झालं नाव : अ1_2024-04-12_2130_पूर्ण. वर्षअखेरच्या फायलीला पुढे ‘वर्ष2324’ जोडा. तारीख मात्र बॅकअप काढल्याचीच ठेवा, 31 मार्चची नव्हे. मार्चच्या नोंदी एप्रिलमध्ये दुरुस्त होतात हे तुम्हाला मी काय सांगावं! ‘फायनल’ हा शब्द तर मुनीमजींना बंदच करायला सांगा. ऑडिट झाल्याशिवाय मोंढ्यात काही फायनल नसतं.

मी इथं देवनागरीत छापतोय, तुम्ही मात्र रोमन अक्षरांत टाइप करा आणि मोकळी जागा सोडू नका. जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली नावं दुसऱ्या मशीनवर निव्वळ किडे-मुंग्या दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, ती अडचण नाही, पण फायली दाबून एकत्र बांधणारी जुनी झिप साधनं अजूनही घोळ घालतात.

फायलीच्या गुणधर्मांत तारीख असतेच की, असं मुलगा म्हणेल. विंडोजमध्ये फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की ‘तयार केल्याची’ तारीख कॉपीच्या दिवसाची होते. मेलमधून उतरवून घेतलेल्या फायलीवर तर बहुधा उतरवल्याचीच तारीख पडते. नावातली तारीख फायलीबरोबर जाते.

जुन्या ढिगाचं नाव बदलत बसू नका. ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. सीएंसाठीची फाइल शोधताना एकेक बॅकअप वेगळ्या, रिकाम्या जागी उघडा आणि शेवटच्या नोंदीची तारीख बघा. चालू हिशेबावर चुकूनही उघडू नका, आजच्या नोंदी पुसल्या जातील.

प्रश्न : मी लग्नाचं शूटिंग करतो. सहा जीबीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही, जागा भरपूर आहे. वधू-वरांची, दोन्ही गावांची नावं फायलीला दिलीत, ते लांब पडतंय का? (एक छायाचित्रकार, हिंगोली)

उत्तर : नावाचा दोष नाही. पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाइल 4 जीबीहून मोठी मावत नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून घ्या, कारण फॉरमॅट केल्यावर ते जाईल. मग एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा. नाव तरीही आटोपतं ठेवा. विंडोजमधली बरीच सॉफ्टवेअर फोल्डरांसकट 260 अक्षरांपुढे हात टेकतात, आणि तुमच्या फोल्डरांची नावंही पत्रिकेएवढीच असणार.