रेडॉन: ओटा फोडू नका, आधी मोजणी नीट करून घ्या

ताई, निपाणीच्या घरी सासरे तळघरातल्या खोलीत झोपतात, त्यांना विडीची सवय, आणि रेडॉनचं (रंग-वास नसलेला किरणोत्सारी वायू, त्यानं फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) वाचल्यापासून ग्रॅनाइटचा ओटा फोडावा का असं तुम्ही विचारलंय. ओट्याला हात लावू नका. त्यातून येतो तो किरकोळ, खरा येतो जमिनीतून, फरशीच्या भेगा, भिंतीचा सांधा, ड्रेनेजच्या पाइपाभोवतीची फट, असा.

आमचं घर खानापूरकडं, आईची खोली अशीच अर्धी जमिनीत. आम्हाला सगळ्यात महागात पडली ती मोजणीवाली एजन्सी, नाव घेत नाही. माणूस आला, खिडक्या सताड उघड्या, पंखा फुल्ल, टेबलावर मशीन ठेवलं, चहा संपेपर्यंत रिडिंग घेतलं आणि 'सेफ' असा शिक्का मारलेला कागद हातात दिला. वर एअर प्युरिफायर गळ्यात मारला. अहो प्युरिफायर धूळ धरतो, रेडॉन वायू आहे, तो खोलीत तसाच राहतो! नंतर फोन केला की साहेबांना विचारा, साहेब मीटिंगमध्ये. त्या कागदाच्या भरवशावर आई तिथंच झोपत राहिली, आठवलं की अजून डोकं फिरतं.

रेडॉन तासातासाला, ऋतूप्रमाणे बदलतो, रात्री दारं बंद असली की साठतो, आणि आपल्याकडं पावसाळ्यात खिडक्या उघडतंय कोण? म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवून निदान दोन दिवस मोजा, तीन महिने मोजलं तर उत्तम. भावानं कॅनडाहून डिजिटल मीटर आणलं, पावसाळ्यातली सरासरी घनमीटर हवेला ३०० बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) वर निघाली. जागतिक आरोग्य संघटना १०० म्हणते, अगदीच जमत नसेल तर ३०० च्या वर नको.

मी इंजिनिअर नाही, डॉक्टरही नाही, आमच्याकडं काय केलं तेवढं सांगतो. भेगा आणि पाइपाची फट बुजवली, तरी आकडा फारसा हलला नाही. मग फरशीखालची हवा ओढायला तिथून एक वेगळा पाइप छताच्या वर नेला, त्याला चोवीस तास चालणारा फॅन बसवला, तेव्हा शंभरच्या खाली आला. तळघरात नुसता एक्झॉस्ट बसवू नका हं, बाहेरून हवा यायला वाट नसेल तर तो जमिनीतलाच वायू जास्त ओढतो.

पाण्याचं म्हणाल तर राकसकोप-हिडकलसारख्या धरणाच्या पाण्याची काळजी नको, बोअरचं असेल तर तपासून घ्या.

आणि विडी. तुमच्याकडं तंबाखू घरोघरी, सासऱ्यांना बोलायला अवघड जाणार हे कळतंय, पण बोलाच. सिगारेट-विडी ओढणाऱ्याला रेडॉनचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा साधारण २५ पट धरतात, त्यामुळं माझ्या मते फॅनच्या आधी विडी सुटायला हवी.

मीटर मिळालं की उशीच्या उंचीला ठेवा, खिडकीपासून लांब, आकडा आला की इथं टाका. तोवर सासऱ्यांचं अंथरूण वरच्या मजल्यावर घाला.