विषबाधा की विषप्रयोग?

प्रश्न असा आला आहे: ‘मेरी ॲन कॉटनने सावत्र मुलाला विषबाधा केली, म्हणून १८७३ मध्ये इंग्लंडात तिला जाहीर फाशी दिली’ हे वाक्य बरोबर आहे का?

दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे विषबाधा होते, कुणी करत नाही. लग्नाच्या जेवणातून वऱ्हाडाला होते ती विषबाधा. कुणी जाणूनबुजून घातले तर तो विषप्रयोग. बातम्यांत ‘विषबाधा करून खून’ सर्रास छापतात, मला ते खटकतेच.

या खटल्यात तर सगळा वाद याच फरकावर झाला. तिचा सात वर्षांचा सावत्र मुलगा चार्ल्स एडवर्ड जुलै १८७२ मध्ये डरॅम परगण्यातल्या वेस्ट ऑकलंड गावी वारला. मृत्यूच्या चौकशीत पंचांनी नैसर्गिक मृत्यू ठरवला. पण डॉक्टर किलबर्न यांनी त्याच्या पोटातला अंश राखून ठेवला होता. तो तपासला तेव्हा त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, निघाला. इथे सिद्ध झाली ती फक्त विषबाधा. बचावाच्या वकिलाने नेमकी तीच फट धरली: हिरव्या वॉलपेपरच्या रंगात आर्सेनिक असते, ते पोराच्या श्वासातून गेले असेल! पण तिच्या कुटुंबात आधी दगावलेल्यांची प्रेते उकरली, तर त्यांतही सोमल सापडला होता. ज्यूरीने विषप्रयोगच मानला.

सोमल म्हणजे पांढरी, पिठात सहज खपून जाणारी पूड. म्हणून तर १८५१ च्या कायद्याने किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळणे आणि गिऱ्हाइकाचे नाव वहीत नोंदवणे दुकानदाराला भाग पाडले. (हरताळ हे आर्सेनिकचेच पिवळे भावंड. पोथीतली चूक झाकायला तो लावत, ‘हरताळ फासणे’ त्यातूनच आले. संपाचा हरताळ वेगळा.)

आता ‘जाहीर’. १८६८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये फाशी तुरुंगाच्या भिंतीआड गेली. कॉटनला २४ मार्च १८७३ रोजी डरॅमच्या तुरुंगात, आतच फाशी दिली. तिथे ‘जाहीर’ काढून टाका. मित्राला विष घालणारा डॉक्टर विल्यम पामर मात्र १८५६ मध्ये स्टॅफर्डच्या तुरुंगाबाहेर हजारोंच्या गर्दीसमोर लटकला. त्याच्यासाठी ‘जाहीर फाशी’ किंवा ‘लोकांदेखत फाशी’ चालेल. ‘सार्वजनिक फाशी’ नको; सार्वजनिक म्हटले की मंडप आणि वर्गणीच आठवते.