गरम झाली की बंद पडते, थंड झाली की चालते : पंप टाकण्याआधी क्रँक सेन्सर पाहा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २००७ ची पेट्रोल गाडी, १ लाख १० हजार किलोमीटर झालेली. सकाळी मस्त चालते, दुपारी नागपूरच्या व्हेरायटी चौकातल्या सिग्नलवर फटकन बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण पकडत नाही, आणि अर्धा-पाऊण तास सावलीत उभी राहिली की पुन्हा नीट सुरू होते. प्लग झाले, कॉइल झाली, आता मिस्त्री पेट्रोलचा पंप टाकायचं म्हणतो. पंपाचे पैसे देण्याआधी दोन दिवस थांबा. पाच वर्षांपूर्वी याच लक्षणांवर मी नवा पंप टाकला होता, आणि काढलेला जुना पंप चांगला निघाला.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. वर्ध्याहून येताना जामठ्याच्या अलीकडे, चौथ्या गिअरमध्ये, ८० च्या वेगात इंजिन गेलं. ना झटका, ना मिसिंग, कोणी चावी फिरवावी तसं. त्या क्षणी एक गोष्ट डोळ्यांत भरली होती, पण तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. गाडी गिअरमध्येच होती, चाकं इंजिनाला फिरवत होती, तरी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा सरळ शून्यावर पडला. इंजिन फिरतंय आणि काटा म्हणतोय फिरत नाही. म्हणजे इंजिन फिरतंय ही खबरच गाडीच्या संगणकापर्यंत पोचत नव्हती. ती खबर देणारा म्हणजे क्रँक सेन्सर; क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा.

त्याचं काम थोडक्यात सांगतो. फ्लायव्हीलजवळ किंवा क्रँक पुलीपाशी एक दातेरी चाक असतं, त्यातले एकदोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. प्रत्येक दाता समोरून गेला की सेन्सर एक ठोका पाठवतो. गाळलेल्या जागेवरून संगणकाला क्रँक कुठे आहे ते कळतं आणि त्यावरून ठिणगी व पेट्रोलची वेळ ठरते. ठोका बंद झाला की ठिणगी बंद, इंजेक्टर बंद, आणि पंपाचा रिलेसुद्धा बंद, कारण थांबलेल्या इंजिनाला पेट्रोल देत राहणं धोक्याचं. बहुतेक चुकीचे पंप इथेच विकले जातात. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंद आवाज येतो आणि थांबतो. पुढे तो क्रँकच्या ठोक्याची वाट पाहतो. माझ्या मिस्त्रीनं पाइप सोडून सेल्फ मारला, पेट्रोल आलं नाही. "भाऊ, पंपच गेला नं तुमचा," म्हणाला. पेट्रोल येत नव्हतं हे खरंच होतं. पण पंप हुकमाची वाट पाहून राहिला होता. नवा पंप बसला तोवर गाडी थंड झाली होती, त्यामुळे ती सुरूही झाली. पुढचे आठ दिवस ढगाळ होते म्हणून आम्हा दोघांनाही वाटलं, रोग गेला.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. हा दोष गाडी बंद पडलेली असतानाच तपासा. गॅरेजला पोचेपर्यंत सेन्सर थंड होतो, मल्टिमीटर सगळं ठीक दाखवतो आणि मग अंदाजानं पार्ट बदलणं सुरू होतं.

असं का होतं तेही पाहा. दोन वायरचा सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वर्षानुवर्षं तापून-निवून ती तार कुठेतरी चिरते. थंड असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात. गरमीनं आतलं प्लास्टिक फुगलं की ती सुटतात. बाहेर ४५ अंश, त्यात सिग्नलला उभी गाडी, वारा नाही, बाजूला तापलेला सायलेन्सरचा पाइप. नागपूरच्या मे महिन्यात हे सगळं एकत्र येतं, म्हणून जानेवारीत हीच गाडी तक्रार करत नाही.

आता तपासणी. पुढच्या वेळी बंद पडली की आधी गाडी डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा. इंजिन गेल्यावर पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही एकदोन दाबांपुरतीच उरते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच धरून दाबा. मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून त्यातले आकडे वाचणारं यंत्र, लावून लाइव्ह डेटामध्ये आरपीएम उघडा आणि घरच्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. चांगल्या गाडीत सेल्फवर १५० ते ३०० च्या आसपास आरपीएम दिसतो. शून्य दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर. आरपीएम दिसतोय आणि तरी पकडत नाही, तर खुशाल पंपाकडे वळा. मरणाऱ्या पंपाची चालही वेगळी असते. गाडी बहुधा आधी झटके देते, पिकअप सोडते, मग बंद पडते.

स्कॅनर घेताना एक काळजी घ्या. तुमच्या गाडीच्या वयाच्या बऱ्याच गाड्या स्कॅनरशी के-लाइन या जुन्या पद्धतीनं बोलतात आणि स्वस्तातले काही ब्लूटूथ स्कॅनर फक्त कॅन या नव्या पद्धतीवर चालतात. ते जोडलेच जात नाहीत आणि आपल्याला वाटतं संगणकच गेला. विकत घेण्याआधी आपल्या गाडीवर लावून पाहा.

तुमच्या गाडीत स्कॅनरवर पी०३३५ हा बिघाडाचा कोड कधी येतो, कधी येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तो कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे, म्हणजे सेन्सर, कपलर (वायर जोडणारा प्लग) आणि वायर तिन्ही त्यात आले. सेन्सर खोलण्याआधी कपलर काढून पिना बघा. हिरवट बुरशी, तेल, सैल झालेली पिन. वायर हातानं चाचपत वरपर्यंत जा. तापलेल्या पाइपाला टेकून कडक झालेली वायर आणि उंदरानं कुरतडलेली वायर मी दोन्ही पाहिल्यात.

मग मीटर. दोन वायरच्या सेन्सरचा रेझिस्टन्स थंड असताना काही शे ओहमपासून हजारभर ओहमपर्यंत असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. गरम झाल्यावर तो वाढणारच. तांब्याचा रेझिस्टन्स अंशागणिक साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ३० अंशांना ८०० ओहम दाखवणारा सेन्सर १०० अंशांना हजाराच्या थोडा वर जाईल. तो दोष नव्हे. मीटर एकदम ओएल दाखवतो, म्हणजे तार उघडी पडते, तो दोष. तीन वायरचा असेल तर तो हॉल सेन्सर, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला, असण्याची शक्यता जास्त. त्याला ओहमवर तपासून काही कळत नाही. कपलरवर ५ किंवा १२ व्होल्ट येतात का आणि अर्थिंग मिळतं का, ते बघा.

स्कॅनर-मीटर काहीच हाताशी नसेल तर आमची ओल्या दुपट्ट्याची युक्ती आहे. चावी काढून घ्या, दुपट्ट्याचं टोक पाण्यात भिजवून पिळा आणि फक्त सेन्सरवर पाच मिनिटं ठेवा. तापलेल्या पाइपावर पाणी पडू देऊ नका आणि हात जपा. एरवी ४० मिनिटं घेणारी गाडी पाच मिनिटांत सुरू झाली तर चोर सापडला समजा. त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा छत्रपती चौकाच्या पुढे मी हेच केलं आणि सहाव्या मिनिटाला गाडी चालवत घरी आलो.

घरी आल्यावर गाडी निवू दिली, सेन्सर काढला आणि जेवणाच्या टेबलावर मीटर लावून ठेवला. ८६० ओहम, अगदी निरोगी आकडा. मुलीनं केस वाळवायचा ड्रायर आणून त्यावर धरला. ९००, ९४०, ९८०, आणि चौथ्या मिनिटाला स्क्रीनवर ओएल. ड्रायर बंद केला, थोड्या वेळानं ९५० परत आले. तो आकडा जाताना आणि येताना डोळ्यांनी पाहिला तेव्हा पंपावर गेलेल्या पैशांचं फार वाईट वाटलं. म्हणूनच तुम्हाला एवढं लांबलचक लिहितोय.

बदलायला फार अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. खालून काम असेल तर गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. बहुतेक ठिकाणी १० ची गोटी लागणारा एकच बोल्ट असतो. बोल्ट निघाला तरी सेन्सर ओ-रिंगमुळे, म्हणजे त्याच्या रबरी कडीमुळे, अडकून बसतो. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटला तर प्लास्टिक तुटतं आणि तुकडा आत राहतो. गंज सोडवणारा स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, मग डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत ओढा. भोक पुसून घ्या. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचा थेंब लावा, हातानं दाबून पूर्ण बसवा आणि मगच बोल्ट आवळा, तोही बेतानं. बोल्टनं ओढून बसवायला जाल तर कान तुटेल. वायर जुन्याच क्लिपांतून न्या, पाइपापासून लांब. शेवटी कोड पुसा. काही गाड्यांत नवा सेन्सर स्कॅनरवरून शिकवावा लागतो, तेही विचारून घ्या.

पार्ट घेताना जुना सेन्सर सोबत न्या आणि चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढायला सांगा. स्वस्त लोकल सेन्सरवर मी पैसे वाचवणार नाही. लांबीत मिलिमीटरभर फरक पडला तरी दात्यांपासूनचं अंतर बदलतं आणि सिग्नल कमजोर होतो. जुन्या गाडीतून काढलेला तर घेऊच नका, त्यानंही तितकेच उन्हाळे पाहिलेले असतात.

उद्या दुपारी बंद पडली की सेल्फवर आरपीएम किती दिसतो तेवढं पाहून कळवा. आणि तोवर मिस्त्रीला सांगा, पंप राहू दे.