मायक्रोस्कोप जोडायचा, जुळवायचा की लावायचा?

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपचं माहितीपत्रक मराठीत करताना 'असेंबल'ला आणि 'सेट अप'ला काय म्हणायचं असं विचारलंय, 'एकत्र करा' आणि 'स्थापित करा' लिहून पाहिलं पण बरं वाटत नाही म्हणे. वाटणारच नाही. स्थापना गणपतीची होते नाहीतर संस्थेची.

माझं मत असं की इथं एकच क्रियापद शोधूच नका, मराठीत त्या प्रत्येक कामाला आपापलं क्रियापद आहे आणि ते वापरलं तर वाचणाऱ्याला हात कुठं घालायचा ते आपोआप कळतं.

खोक्यातून काढून स्टँडवर हेड (डोळा लावायचा वरचा भाग) अडकवणं, ही जोडणी. पंखा, सायकल, सगळं आपण जोडतोच. लेन्स मात्र जोडत नाही, बसवतो. ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे स्लाइडच्या बाजूच्या लेन्सला, आटे असतात (हा शब्द माहितीपत्रकात जरूर घ्या, फिटर आणि प्लंबर रोज बोलतात, 'सूत्रवलय' वगैरे काही घडवू नका), ती नोजपीसच्या (लेन्स बसवायच्या फिरत्या चकतीच्या) भोकात सरळ धरायची, आधी जरा उलटी फिरवायची, आटे टक्कन खाली बसल्याचं बोटांना जाणवतं, मग सुलटी फिरवत न्यायची. जोर लावला तर आटे तिरके चढतात आणि एकदा आटे गेले की ती लेन्स पुन्हा नीट बसत नाही. आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या लेन्सला, बहुतेक वेळा आटे नसतात, ती वरून नळीत नुसती सोडायची.

जुळवणे कधी, तर दोन गोष्टींचा मेळ घालायचा असतो तेव्हा. पुस्तकात 'अक्षरजुळणी' लिहितात तेच हे. दोन आयपीसमधलं अंतर आपल्या डोळ्यांशी जुळवायचं, उजेड जुळवायचा. ऑगस्ट कोलर या जर्मन माणसाने १८९३ मध्ये उजेडाची जी पद्धत मांडली ती म्हणजे निव्वळ जुळवणीच आहे, दिव्याजवळच्या डायफ्रॅमची (उजेड कमीजास्त करायच्या झडपेची) कडा स्पष्ट दिसेपर्यंत कंडेन्सर, म्हणजे स्लाइडवर उजेड एकवटणारं खालचं भिंग, वरखाली करायचा आणि मग त्याचे बाजूचे स्क्रू फिरवून ते उजेडाचं वर्तुळ बरोबर मध्यावर आणायचं. याला 'समायोजन' म्हटलं तर चूक नाही पण प्रयोगशाळेत उभं राहून तो शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. शाळेतल्या आरशाच्या मायक्रोस्कोपला एवढं काही नसतं, कंडेन्सर असेल तर आरशाची सपाट बाजू, नसेल तर अंतर्गोल, आणि तो उजेडाकडे वळवायचा.

राहिला 'सेट अप', त्याला लावणे. तंबोरा लावला, दुर्बीण लावली म्हणतो तेव्हा वस्तू नुसती उभी केली असं नसतं, वापरायला तयार केली असं असतं. 'मायक्रोस्कोप लावून ठेव' म्हटलं की उजेड आलेला, सगळ्यात कमी पॉवरची लेन्स खाली आणि स्लाइड क्लिपखाली, एवढं सगळं त्यात आलं. स्लाइडही लावतात आणि डोळाही लावतात, पण संदर्भाने घोटाळा होत नाही.

तेव्हा मी असं लिहीन: स्टँडवर हेड जोडा, लेन्स फिरवून बसवा, उजेड जुळवा, ४एक्सची लेन्स समोर घेऊन स्लाइड लावा, बाजूने बघत स्टेज (स्लाइड ठेवायचा पाट) वर घ्या, मग डोळा लावून मोठ्या स्क्रूने स्टेज हळूहळू खाली आणत फोकस करा. ४०एक्सवर गेल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावू नका, फक्त बारीक स्क्रू.