रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग अंगात जीव काहून नाही?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न: डॉक्टर नमस्कार. मी तिवसा तालुक्यातली, वय 38. पाच एकर शेती, पऱ्हाटी आणि तूर. मी घरचं आटोपून शेतात जाणारी बाई, निंदण असो की वेचणी, चाळीस किलो कापूस वेचून संध्याकाळी बचत गटाची मीटिंग घेत होती, शेगावच्या पायी वारीतही दरवर्षी जाते. पोळ्यानंतर ताप आला, चार-पाच दिवस लय होता, सांधे धरले, अंग मोडून आलं. ताप आला त्याच दिवशी डेंगूची रॅपिड टेस्ट केली, ती निगेटिव्ह, मग व्हायरल आहे म्हणाले. ताप गेला पण थकवा काही जात नाही, आता दिवाळीही होऊन गेली. एखाद्या दिवशी बरं वाटते, मग मी वेचायले जाते, त्या दिवशी काहीच होत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठताच येत नाही, डोकं जड, पाय भरून येतात, गटाचा हिशोब लिहायले बसली तर साधी बेरीज चुकते. रक्त तपासलं, नॉर्मल आहे म्हणाले. सासूबाई म्हणतात आम्ही नाही का तापातही कामं केली. मालक म्हणतात पडून राहिल्यानं आळस अजून वाढते, फिरत जा. हा खरंच आळस आहे का? जोर लावून काम केलं तर निघून जाईल का?

उत्तर: ताई, आळस असता तर बरं वाटलेल्या दिवशी तुम्ही ओटी बांधून वेचायला गेलाच नसता. पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही मधेच सहज लिहून गेलात, ती म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची. कामाचा नेहमीचा थकवा त्याच रात्री येतो आणि झोपलं की बराचसा उतरतो. व्हायरल तापानंतरचा हा थकवा मात्र उशिरा येतो, काम केल्यावर साधारण 12 ते 48 तासांनी, आणि आला की कधी दिवसभर तर कधी आठवडाभर मुक्काम करतो, म्हणून माणसाला कळतच नाही की आजचं पडणं हे परवाच्या वेचणीचं आहे. आणि तो फक्त पायात नसतो, डोक्यातही असतो, बेरीज चुकते ती त्यामुळेच.

आधी रिपोर्टचं बोलू. "रक्त नॉर्मल" म्हणजे नेमकं काय तपासलं ते कागद काढून पाहा, आपल्याकडे बरेचदा पेशी आणि प्लेटलेट मोजतात आणि सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवतात. हिमोग्लोबिन किती आहे ते बघा, बाईचं 12 च्या खाली असेल तर तो ॲनिमियाच, मग चिठ्ठीवर कोणी काहीही लिहिलेलं असो. पाळीत रक्त जास्त जात असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा, कारण हिमोग्लोबिन काठावर असून शरीरातला लोहाचा साठा रिकामा असणाऱ्या बाया खूप असतात. थायरॉइड, शुगर, किडनी, लिव्हर, बी-12 हे एकदा करून घ्या, आणि सिकलसेलची तपासणी कधी झालीच नसेल तर तीही, विदर्भात ती राहून जायला नको. (सिकलसेलचे नुसते वाहक असाल तर सहसा त्यानं असा थकवा येत नाही, तेवढ्यावरच खापर फोडून मोकळं होऊ नका.) दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं यातलं काही असेल तर टीबीची तपासणी आधी.

डेंगूच्या टेस्टचंही एक आहे. एनएस-1 ही व्हायरसचाच अंश शोधणारी टेस्ट तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत पॉझिटिव्ह येते, अँटिबॉडीची आयजीएम त्यानंतर. तुमच्या रॅपिड टेस्टमध्ये यातलं काय पाहिलं ते कागदावर असेल, पण पहिल्याच दिवशी आयजीएम पाहिली असेल तर डेंगू असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. चिकनगुनियाची तर बहुतेक झालीच नसेल. 2006 ची साथ ज्यांना आठवते त्यांना विचारा, ताप आठवड्यात गेला आणि सांधे कित्येक महिने धरून राहिले, आणि 2024 मध्ये नागपुरात परत तेच बघितलं लोकांनी. आता इतक्या दिवसांनी नाव कळून औषध फारसं बदलणार नाही, पण सांध्यांना अजूनही सूज असेल तर ती दाखवा, नुसत्या पेनकिलरच्या गोळ्यांवर दिवस काढू नका, रोजच्या रोज त्या घेतल्या तर किडनी आणि पोट दोघांचं नुकसान होतं.

आता समजा सगळं तपासलं आणि खरंच काही निघालं नाही. तर मग ती तक्रार खोटी ठरते का? अजिबात नाही. ऑस्ट्रेलियात डबो नावाचं एक गाव आहे, शेतीवाड्यांच्या भागातलं, तिथे डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या जंतूंचा ताप आलेल्या 253 लोकांवर महिनोन्महिने लक्ष ठेवलं आणि 2006 मध्ये ते छापून आलं. त्या तिघांतला एक व्हायरस डासांमधून पसरणारा, आपल्या चिकनगुनियाचा जवळचा नातलग. सहा महिन्यांनंतरही शंभरातले साधारण बारा जण असेच थकलेले निघाले, आणि कोणाला होईल हे कशावर ठरलं तर मूळचा आजार किती जोराचा होता त्यावर, माणूस मनानं कच्चा आहे का यावर नाही. हे मालकांना जेवताना वाचून दाखवा. आणि दुसरी बाजूही वाचा, शंभरातले बाकीचे तोवर त्यातून निघाले होते, काही लवकर, काही रडतखडत. तुम्हाला आत्ता अडीचेक महिने होतायत, म्हणजे आशा सोडायचं काही कारण नाही.

जोर लावून जाईल का, हा खरा प्रश्न. नाही जाणार ताई, उलट लांबेल. तुमच्या सारख्या कामाच्या माणसाला हे पचायला सगळ्यात जड जातं कारण आजवर प्रत्येक अडचण तुम्ही जोर लावूनच काढली. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की आपण काय करतो, मोटर थोडा वेळ चालवून बंद करतो, झरे भरू देतो, कोरडी पडेपर्यंत ओढली तर मोटरच जळते. तुमचं सध्या तसं आहे, आणि बरं वाटलेल्या दिवशी तुम्ही तळ गाठेपर्यंत ओढता.

म्हणून पंधरा दिवस असं करून पाहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात दोन शब्द लिहा, काय काम केलं आणि कसं वाटलं, मग दोन दिवस मागे जाऊन बघा कुठल्या कामानं पाडलं. जेवढ्या कामानं पडलात त्याच्या अर्ध्यावर या, आणि बरं वाटलं त्या दिवशीही अर्ध्यावरच थांबा, हे सगळ्यात कठीण आहे हे मला माहीत आहे. वेचणीला जायचंच असेल तर तासाभराची ठेवा, वीस मिनिटं वेचलं की थकवा येण्याआधी धुऱ्यावर सावलीत आडवं व्हा, थकल्यावर बसलं तर उशीर झालेला असतो. भाकरी बसून थापा, आंघोळ स्टुलावर बसून करा आणि पाणी कोमट घ्या, कडकडीत पाण्यानं बीपी उतरून भोवळ येते. गटाचं कॅशबुक आणि वेचणी एकाच दिवशी नको, हिशोबही अंगमेहनतीइतकाच खर्चिक असतो सध्या. सलग दोन आठवडे एकदाही पडला नाहीत तर थोडं वाढवा, आणि वाढवल्यावर दोन दिवस थांबून मगच ठरवा की जमलं.

उभं राहिल्यावर धडधड होते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, ते तुम्ही लिहिलं नाही. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगा, दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजायची, मग भिंतीजवळ शांत उभं राहून दहा मिनिटांत परत मोजायची, कोणीतरी शेजारी पाहिजे. ठोके मिनिटाला 30 किंवा त्याहून जास्त वाढत असतील तर डॉक्टरांना तो आकडा दाखवा, त्यावर उपाय आहेत. बीपी किंवा किडनीचा त्रास नसेल तर मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी दिवसभर चालू ठेवा.

वारी यंदा एसटीनं करा. महाराज समजून घेतील, सासूबाईंचं सांगता येत नाही. त्यांना एकदा सोबत घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं घरच्यांना लवकर पटतं हा माझा अनुभव. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडलात, पायावर सूज आली तर वाट पाहू नका. आणि या सगळ्यात मन खचत असेल, रात्री नको नको ते विचार येत असतील तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न: वय 23, मूल तालुका. पोलीस भरतीची तयारी करतो. महिन्याआधी व्हायरल ताप येऊन गेला. आधी 1600 मीटर आरामात मारत होतो, आता दोन राउंडमध्येच छाती भरून येते, ठोके लय वाढतात. ग्राउंडवरचे पोट्टे म्हणतात स्टॅमिना गेला, जास्त पळ म्हणजे येईल. काय करू?

उत्तर: आधी पळणं बंद कर, आजपासून. काही व्हायरसमुळे हृदयाच्या स्नायूलाच सूज येते आणि अशा वेळी जोराची धाव घेणं जिवावर बेतू शकतं. ईसीजी काढ, डॉक्टरांना शंका वाटली तर इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हे झाल्याशिवाय ग्राउंडवर पाय ठेवू नको. सूज निघाली तर तीन ते सहा महिने आराम, भरती पुढच्या वर्षीही निघेल. हृदय ठणठणीत असेल तर आधी नुसतं चालणं, मग हळू जॉगिंग, दुसऱ्या दिवशी अंग ठीक राहिलं तरच पुढची पायरी. आणि वरच्या ताईंसारखा तूही दोन दिवसांनी पडत असशील तर हे रोज थोडं थोडं वाढवायचं गणितही तुला लागू नाही, इंग्लंडच्या नाईस या संस्थेनं 2021 मध्ये असा थकवा जुना झालेल्या आजारात ठरावीक वाढत्या व्यायामाचा सल्ला देऊ नका असं डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं आहे. ग्राउंडवर कोणी ताकदीचं इंजेक्शन देतो म्हणाला तर हात जोडून निघून ये.

प्रश्न: घरवालीला तापानंतर विकनेस आहे. गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावली की दोन दिवस एकदम फ्रेश राहते, मग पुन्हा तसंच. दर आठवड्याले लावली तर चालते का? (एक वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर: अर्ध्या लिटरच्या डीएनएस बाटलीत पाणी असतं, साडेचार ग्रॅम मीठ आणि 25 ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. बाटली पिवळी दिसत असेल तर ते बहुतेक त्यात टाकलेल्या व्हिटॅमिनच्या इंजेक्शनमुळे. माणूस खाऊ-पिऊ शकत असेल तर हे सगळं तोंडानं जातं, फार स्वस्तात. दोन दिवस एकदम फ्रेश होत असतील तर मला वेगळीच शंका येते, बाटलीत स्टेरॉइडही सोडलेलं असेल, त्यानं भूक लागते, दुखणं पळतं, आणि दर आठवड्याला घेत राहिलं तर शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं बंद करतं. अर्थात दोन तास कॉटवर पडून राहायला मिळतं, घरी तेवढंही मिळत नसेल, तेही कारण असू शकतं, त्याचा विचार तुम्ही करा. पुढच्या वेळी बाटलीत कोणकोणतं इंजेक्शन टाकलं ते चिठ्ठीवर लिहून मागा. आजवर बऱ्याच बाटल्या झाल्या असतील तर एकदम बंद न करता ती चिठ्ठी घेऊन ग्रामीण रुग्णालयात दाखवा, स्टेरॉइड असेल तर ते हळूहळूच उतरवावं लागतं. लिहून द्यायला कोणी नाही म्हणालं तर त्याच्याकडे पुन्हा बाटली लावू नका, सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा, आणि जाताना घरवालीचं हिमोग्लोबिन आधी करून घ्या.