नवे सील घातले, तरी फोर्क गळतोच

प्रश्न : माझी मोटरसायकल पंचवीस वर्षांची आहे. पुढच्या फोर्कमधून, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या आणि धक्के सोसणाऱ्या दोन नळ्यांच्या जोडीतून, तेल गळत होते, म्हणून मी घरीच दोन्ही बाजूंची ऑइल सील बदलली. दोन महिन्यांतच उजव्या नळीवर पुन्हा तेलाचे कडे दिसू लागले आणि ब्रेक दाबला की गाडीचे तोंड झपकन खाली बसते. सील निकृष्ट होते, की माझे काही चुकले? पुन्हा फोर्क उघडताना काय पाहावे?

उत्तर : सीलला दोष देण्याआधी नळी तपासा. सीलची रबरी कडा क्रोमच्या पृष्ठभागावर सतत घासत असते, त्यामुळे ते क्रोम जितके गुळगुळीत तितकेच सील टिकते. जुन्या गाड्यांच्या नळीवर, विशेषतः समोरून खडे आणि पाणी लागते त्या बाजूला, गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडलेले असतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसतीलच असे नाही, म्हणून नळी स्वच्छ पुसून कोरडी करावी आणि अंगठ्याचे नख तिच्यावर वरून खाली, सगळ्या बाजूंनी, हळूहळू ओढावे. नख जिथे अडते, तिथेच रबर कापले जाते. माझ्या मते तुमच्या गळतीचे सर्वांत संभाव्य कारण हेच आहे.

खड्डे मोजके असतील, तर त्यांच्या उंचावलेल्या कडा २००० नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून, नळीच्या भोवती आडव्या दिशेने घासून काढाव्यात. उभे ओरखडे पडले तर त्यांतून तेलाला बाहेर यायला वाटच मिळते. नंतर खड्ड्यात दोन भागांचे इपॉक्सी भरून ते सुकल्यावर पृष्ठभागाबरोबर आणावे. क्रोमचे पापुद्रे निघत असतील, तर मात्र नळी बदलणे किंवा तिला नव्याने क्रोम करून घेणे याला पर्याय नाही. नळी सपाट काचेवर लोळवूनही पाहावी. खालून उजेडाची फट कमीजास्त होत असेल तर नळी वाकलेली आहे, आणि वाकलेली नळी बुश (नळी ज्यात सरकते ती कडी) व सील दोन्ही एका बाजूने खाते.

नळी निर्दोष निघाली, तर चूक बसवताना झाली असावी. नळीच्या वरच्या टोकाची धार सीलच्या कडेला सहज कापते, म्हणून त्या टोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून गुंडाळावी, तिला फोर्क ऑइल लावावे आणि मगच सील सरकवावे. सीलची बारीक स्प्रिंग असलेली बाजू खाली, म्हणजे तेलाकडे असली पाहिजे. ठोकताना वर जुने सील ठेवून मापाच्या पाइपने सर्व बाजूंनी समान ठोके द्यावेत आणि सर्क्लिपची (सील जागेवर धरणाऱ्या तारेच्या कडीची) खाच पूर्ण दिसेपर्यंत थांबू नये.

गाडीचे तोंड बसण्याचे कारण बहुधा कमी झालेले किंवा चुकीच्या घट्टपणाचे तेल हे आहे. स्प्रिंगही दबलेली असू शकते, तेव्हा तिची मोकळी लांबी गाडीच्या मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावी. तेल ओतल्यावर नळी दहा-बारा वेळा सावकाश वरखाली करून आतली हवा काढावी, नंतर स्प्रिंगशिवाय, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या वरच्या कडेपासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे. तेलावरची हवाही स्प्रिंगसारखी काम करते, म्हणून हे अंतर दोन्ही बाजूंना सारखेच हवे.

सोडवण्याचा क्रम पाळणे फार गरजेचे आहे. वरचे टोपण, फोर्क गाडीवर असतानाच आणि वरच्या टीचा (दोन्ही नळ्यांना वर धरून ठेवणाऱ्या आडव्या भागाचा) बोल्ट सैल करून, थोडे ढिले करून घ्यावे. तळाचा अॅलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच सोडावा, कारण स्प्रिंगच्या दाबामुळे आतला डँपर रॉड (फोर्कची हालचाल मंद करणारा दांडा) बोल्टबरोबर फिरत नाही. टोपण शेवटी काढताना ते हाताने दाबून धरावे व चेहरा दूर ठेवावा. स्प्रिंग त्याला जोराने उडवते. बोल्टखालचा तांब्याचा वॉशर मात्र प्रत्येक वेळी नवाच घालावा.

एक विनंती मनापासून करतो. गळलेले तेल ब्रेकपर्यंत पोहोचले असेल, तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून पॅड बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. जोडणी झाल्यावर एक्सलचा (चाकाच्या आसाचा) पकडबोल्ट आवळण्यापूर्वी पुढचा भाग काही वेळा दाबून सोडावा, म्हणजे दोन्ही नळ्या एकमेकींना समांतर बसतात. पहिल्या फेरीनंतर नळीवर पातळ ओलसर थर दिसेल. तो सील बसवताना लावलेल्या तेलाचा असतो. तो पुसून टाका आणि दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा पाहा.